लोसाला हवा असलेला परिच्छेद

वाइसोआ, सावाई बेट
३ फेब्रुवारी १९९७

प्रिय अलापाती,

आधी बातमी सांगते, नाहीतर तू पत्र उलटंपालटं करून तीच शोधत बसशील. सोमवारी गावसभेत तुझा विषय निघाला. तुझ्या बाबांनी तो काढला नाही, तुला माहीत आहे तो कसा आहे. मान खाली घालून बसला होता. पण म्हाताऱ्या मताईंपैकी, घराण्यांच्या प्रमुखांपैकी, एकानंच म्हटलं, "बारा वर्षं झाली. इओआपोला आता समोरचा माणूस धड दिसत नाही. त्यानं पोराचं तोंड कधी बघायचं?" मग ठरलं, की लोसा हो म्हणाली तर तुझी गावबंदी उठवायची. तिचाच मुलगा गेला, तेव्हा शब्द तिचाच.

मी त्याच दिवशी लोसाकडे गेले. ती पानं वाळत घालत होती, मला बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. ती म्हणाली, "तेलेसिआ, तुझ्या भावानं माझ्या दारात डोक्यावर चटई घेऊन माफी मागितली, ती मी दिली. तो हिशेब संपला. पण काय झालं ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. गाडी उलटली, गाडी उलटली, एवढंच ऐकते. एकातून दुसरं कसं झालं ते त्या पोरानं स्वतःच्या हातानं लिहावं. एक परिच्छेद पुरे. तो तू मला वाचून दाखव, मग मी ठरवीन."

तेव्हा आता सगळं तुझ्या लिहिण्यावर आलं आहे, आणि तुझं लिहिणं मला पाचवीपासून ठाऊक आहे. नाताळात तू मला लोसासाठी म्हणून जे टिपण पाठवलं होतंस ते मी तिला दिलंच नाही. "गाडी उलटली. सेतेफानो गेला. मी चुकलो. माफ करा." ही चार वाक्यं म्हणजे जमिनीत पुरलेले चार खांब आहेत. आपण घर बांधताना खांब आणि वासे काथ्यानं आवळून बांधतो ना, तो काथ्या कुठे आहे? वाक्याला वाक्य जोडणारे शब्द असतात: म्हणून, कारण, तरीही, त्याआधी. ते मी तुम्हाला वर्षभर शिकवत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतास.

लिहून पाठव. मी तपासते. फेतू आता सात वर्षांची झाली ना? तिला म्हणावं, आजोबांना तिचा आवाज तरी ऐकू येईल.

तुझी आत्या,
तेलेसिआ

—

लोगन, ब्रिस्बेनजवळ
१९ फेब्रुवारी १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कामावरच उघडलं. शीतगोदामाच्या बाहेर हातमोजे काढून वाचलं, आणि मग आत गेल्यावर दोन खोकी चुकीच्या फळीवर ठेवली. मुकादम म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "अजून तिकीट तपासायचंय."

मेरीपाला सांगितलं तर ती रडायलाच लागली. फेतू विचारते, आपलं घर समुद्रातून दिसतं का. मी सांगितलं, दिसतं. खरंच दिसतं का गं अजून, की मध्ये झाडं वाढली?

तू काथ्याचं लिहिलंस, तर ऐक. इथल्या वाचनालयात दर मंगळवारी मोठ्या माणसांसाठी लेखनाचा वर्ग असतो. मुकादमाची जागा रिकामी होणार आहे, तिच्यासाठी अहवाल लिहिता यावे लागतात, म्हणून मी जातो. शिकवणारी डोरीनबाई तुझ्यासारखीच आहे, फक्त चष्मा डोक्यावर ठेवते. तिनं आम्हाला गुलाबी कागदावर चाळीस जोडशब्दांची यादी दिली. ती मी आपल्या भाषेत उतरवून घेतली आणि परिच्छेद लिहिला. जितके जमतील तितके वापरले आहेत. हा घे:

"सर्वप्रथम, आम्ही गुरुवारी किनाऱ्यावरच्या बागेत नारळ आणायला गेलो. त्याचप्रमाणे, नारळ भरपूर होते. तथापि, सेतेफानो मागे पोत्यांवर बसला. शिवाय, ऊन उतरलं होतं. दुसरीकडे, गाडी माझ्या बाबांची होती. परिणामी, वळणावर गाडी उलटली. थोडक्यात सांगायचं तर, सेतेफानो गेला. अशा प्रकारे, मी दोषी आहे."

आत्या, हे चालेल का? मला घरी यायचंय. दुसरं काही नको.

अलापाती

—

वाइसोआ
२ मार्च १९९७

प्रिय अलापाती,

खोटं कशाला बोलू, तुझा परिच्छेद वाचून मी हसले. सेतेफानोचं नाव असलेल्या कागदावर हसले याची नंतर लाज वाटली आणि कोको करून प्याले, मग पुन्हा वाचला. पुन्हा हसू आलं. "दुसरीकडे, गाडी माझ्या बाबांची होती." अरे, दुसरीकडे तर पहिलीकडे काय होतं? "तथापि सेतेफानो मागे बसला." तो मागे बसायला कुणाची हरकत होती का? गुलाबी कागद खिशात आला म्हणून प्रत्येक वाक्याला टोपी घालायची नसते.

आता हसणं पुरे. "परिणामी" या शब्दापाशी लोसा मला थांबवील. ऊन उतरलं होतं आणि गाडी इओआपोची होती, या दोन गोष्टींचा परिणाम म्हणून गाडी उलटली? तू शब्द लिहिलास, पण त्याच्या मागे कारणच नाही. जोडशब्द वाचला की वाचणारा मागे वळून बघतो. तिथे त्याला काही दिसलं नाही तर तो पुढच्या कशावरच विश्वास ठेवत नाही.

असं कर. ती डोरीनबाईंची यादी घडी घालून ठेव. एक वाक्य लिही आणि समज की लोसा समोर बसली आहे. त्या वाक्यानंतर ती काय विचारील? "मग?" विचारील, की "का?" विचारील, की "असं असून?" असं विचारील? जो प्रश्न येईल त्याचं उत्तर पुढच्या वाक्यात दे, जोडशब्द आपोआप येईल. वर्गात मी हेच करायचे. तू वाक्य वाचायचास आणि अख्खा वर्ग "का?" म्हणून ओरडायचा, आणि तू चिडून खाली बसायचास.

मी लोसाच्या जागी बसून विचारते. सेतेफानो मागे का बसला? गाडी जोरात होती असं सगळे म्हणतात, ती जोरात का होती? तू पोरगेला होतास पण तू काही दांडगट नव्हतास. तुझे बाबा म्हणायचे की अलापाती गाडी चालवतो की बैलाला फिरवतो. मग त्याच दिवशी कसली घाई? जे कारण असेल ते लिही. लाजिरवाणं असलं तरी लिही. तिला तेच हवं आहे.

घर समुद्रातून दिसतं. पुढचं फणसाचं झाड वादळात पडलं, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त दिसतं.

आत्या

—

लोगन
१७ मार्च १९९७

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. स्वयंपाकघरात समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि लोसा बसली आहे असं समजून लिहिलं. मेरीपा म्हणाली, कुणाशी बोलतोयस. एका परिच्छेदाला तीन संध्याकाळी लागल्या, कारण प्रत्येक "का?"पाशी मला तो दिवस पुन्हा बघावा लागला. आजवर मी तो तुकड्यातुकड्यांत आठवत होतो, आत्या. वळण आठवायचं, नाहीतर पोती आठवायची. सलग आठवायची वेळ येऊ दिली नव्हती. हा घे:

"गुरुवारी दुपारी आम्ही किनाऱ्यावरच्या बागेत नारळ आणायला गेलो. सहा पोती भरली, पण बांधायला दोर नव्हता, म्हणून पोती धरायला सेतेफानो मागे बसला. निघायला उशीर झाला, कारण एक पोतं फाटलं आणि सांडलेले नारळ पुन्हा गोळा करावे लागले. सहा वाजता चर्चमध्ये गायनाची तालीम होती, त्यामुळे येताना गाडी नेहमीपेक्षा जोरात होती. तरीही सरळ रस्त्यावर काही झालं नाही. मात्र पुलाजवळच्या वळणावर पोती एका अंगाला घसरली, म्हणून गाडी कलली आणि सेतेफानो पोत्यांसकट खाली गेला. तो गाडीखाली सापडला. दोर नेला असता तर तो पुढे बसला असता."

शेवटचं वाक्य लिहिताना मला थांबावं लागलं. या वेळी एकही शब्द यादीतून घेतला नाही. हे लोसाला वाचून दाखव. बाबांना पण दाखव, म्हणजे वाचून दाखव.

अलापाती

—

लोगन
२८ एप्रिल १९९७

प्रिय आत्या,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. शनिवारी टपालकचेरीत फोन लावून बाबांना बोलावून घेतलं. ते म्हणाले तू बरी आहेस, चर्चला येतेस. त्यांचा आवाज बरा वाटला नाही. लोसानं काय म्हटलं विचारलं, तर म्हणाले, "तुझी आत्या काही सांगत नाही." आणि ठेवला.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा मनात वाचलं. त्यात एक वाक्य चुकलं आहे. तालमीचं. तसं काही नव्हतं, मला इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही. पाऊस येईल असं वाटत होतं, म्हणून घाई होती. ते वाक्य खोडून "आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे" एवढं घाल. बाकी सगळं तसंच राहू दे. लोसाला वाचून दाखवलं नसशील तर दाखवण्याआधी बदल. दाखवलं असशील तर तसं लगेच कळव.

अलापाती

—

वाइसोआ
११ मे १९९७

अलापाती,

वाक्य खोडलं नाही. लोसाला वाचूनही दाखवलं नाही.

तुझं पत्र मी दारातच वाचलं आणि मनात म्हटलं, शाब्बास, आता कुठे हा लिहायला शिकला. मग लोसासारखं पुन्हा वाचलं, प्रत्येक वाक्यानंतर "का?" विचारत. तालीम सहाला होती, त्यामुळे घाई. पण तुला कसली तालीम? तुझा आवाज म्हणजे पिसुपोचा, खारवलेल्या मांसाचा, रिकामा डबा. गायनमास्तरांनी तुला सातव्या वर्षीच बाहेर बसवलं होतं. तू जन्मात कधी गुरुवारच्या तालमीला गेला नाहीस. सेतेफानोही जात नव्हता. माझ्या घरातून माझ्याखेरीज एकच जण जायचा, आणि तो दर गुरुवारी साडेपाचलाच शर्ट बदलून तयार असायचा.

त्या गुरुवारी माझा पुलेमाऊ तालमीला उशिरा पोचला होता. मी तिथेच बायकांच्या रांगेत होते. त्याचे केस ओले होते. उशीर झाला म्हणून मी सगळ्यांदेखत त्याला बोलले, आणि तो आपल्या जागी उभा राहून गायला. अर्ध्या तासानं अपघाताची बातमी आली. बारा वर्षांत या दोन गोष्टी मी एकमेकींना कधी जोडल्या नाहीत. मी, जी चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवत आले.

दहा दिवस मी स्वतःशीच झगडत होते. मग पुलेमाऊला विचारलं. तो सहायक पाद्री झाला आहे, तीन मुलांचा बाप आहे, पण ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "मी चालवत होतो. मी धावत मामाकडे गेलो. मामा म्हणाला, तोंड धू आणि तालमीला जा."

त्याच दुपारी इओआपोकडे गेले. त्याला दिसत नाही, पण माझ्या पावलांवरून त्याला कळलं. मी म्हटलं, "तू तुझा मुलगा दिलास आणि माझा ठेवलास?" तो म्हणाला, "तू माझी बहीण आहेस. तू गावासमोर मान खाली घालून बसावंस, हे मी होऊ देईन का? भाऊ कशाला असतो मग?" त्याला अजूनही वाटतं की त्यानं बरोबर केलं. असं आपल्याकडे कुठल्याही भावाला वाटलं असतं, हेच मला छळतं. तो माझ्या जागी चटईखाली बसला, आणि मी, आंधळी, त्याला घरून पाणी पाठवत होते.

मला तुमचा सगळ्यांचा राग आला आहे. त्याचा, माझ्या मुलाचा, तुझाही. एवढं मोठं देणं तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलंत आणि मला विचारलंही नाही. तू परिच्छेद पुन्हा लिही. या वेळी गाडी कोण चालवत होतं ते लिही.

तेलेसिआ

—

लोगन
२४ मे १९९७

आत्या,

मी लिहिणार नाही.

तू रागाव, पण ऐकून घे. बाबांनी मला ढकललं नाही. पुलाजवळ उभे राहून त्यांनी एकदाच विचारलं, "तू म्हणशील का की तू होतास?" मी हो म्हटलं. एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटलं, महिनाभर बोलणी खाईन. तीन आठवड्यांत मी या देशात होतो आणि गावबंदी बारा वर्षं टिकली.

राग मलाही आहे. बाबांवर नाही. पुलेमाऊवर आहे. त्यानं मला एक ओळ पाठवली नाही. नाताळला एक कार्ड नाही. फेतू झाली तेव्हा तू चटई पाठवलीस, बाबांनी तारोचे कंद पाठवले, त्यानं काय पाठवलं? मी इथे उणे अठरामध्ये मासळीची खोकी रचतो आणि तो रविवारी पांढरा कोट घालून प्रार्थना म्हणतो. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, मेरीपालाही नाही. तिलाही वाटतं मीच चालवत होतो. लग्नाआधी मी तिला तसंच सांगितलं.

पण आता खरं सांगून काय होणार, ते बघ. बाबांनी सभेसमोर खोटं सांगितलं, त्यांचं मताईपद जाईल, तेही डोळे गेल्यावर. पुलेमाऊच्या मुलांना शाळेत पोरं चिडवतील. लोसा म्हणेल, माफी खोटी होती, माझी परत द्या. आणि माझ्यासाठी दरवाजा कायमचा बंद होईल, कारण मीही खोटं बोललो. दोषी म्हणून मला घरी येता येतंय, आत्या. त्या दोषाची मला सवय झाली आहे, तो अंगावर बसलाय. पावसाचं वाक्य घाल आणि वाचून दाखव. मला बाबांना भेटायचंय. त्यांना माझा चेहरा थोडा तरी दिसतोय तोवर.

हात जोडून सांगतो.

अलापाती

—

वाइसोआ
१६ जून १९९७

प्रिय अलापाती,

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी मी पेटीतली तलम चटई काढून उन्हात घातली. माझ्या लग्नातली आहे. पुलेमाऊनं बघितलं. इओआपोला मी सांगितलं, कारण तो भाऊ आहे. तो म्हणाला, "तू गेलीस तर मी बारा वर्षं केलं ते सगळं फुकट गेलं." मी म्हटलं, "तू केलंस ते तुझ्या पोराच्या अंगावरून केलंस. मला ते घालून मिरवता येणार नाही." तो तोंड फिरवून बसला.

बुधवारी उजाडताना मी लोसाच्या दारात गेले, खडीवर बसले आणि चटई डोक्यावरून घेतली. इफोंगा, ही चटईखाली बसून मागायची माफी, मी गावात चार वेळा पाहिली आहे, आत बसून कशी असते ते माहीत नव्हतं. आत आपलाच श्वास ऐकू येतो. लोसा उठली, कोंबड्यांना दाणे टाकले, माझ्या बाजूनं दोनदा गेली. कोण बसलंय ते तिला चटईवरून कळलं असणार. का बसलंय ते कळलं नसणार. ऊन चढल्यावर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पुलेमाऊ होता. एका चटईत दोघं मावत नव्हतो, त्याची पाठ उघडी राहिली आणि रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या मुलांनी, त्यात त्याचीही दोन होती, ती बघितली. मग काठीचा आवाज आला. इओआपो आमच्या मागे येऊन बसला. त्या क्षणी त्याच्यावरचा सगळा राग मी विसरले. रडले मी, आत कुणाला दिसत नव्हतं.

दुपार झाली तेव्हा लोसानं चटई उचलली. म्हणाली, "तेलेसिआ, तुझे गुडघे गेलेत, उठता तरी येईल का?" मी बसूनच सगळं सांगितलं. कोण चालवत होतं, कुणी कुणाला वाचवलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती पुलेमाऊकडे बघत राहिली. मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते:

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला एक नाव दिलंत, आज दुसरं देताय. मी नाव मागितलं नव्हतं. माझा सेतेफानो मागे बसला होता, त्याचं कुणी सांगत नाही. तो हसत होता का, घाबरला का, काही बोलला का? तुम्ही सगळे तुमच्या पोरांची गोष्ट सांगताय. तिथे शेवटपर्यंत त्याच्याजवळ कोण होतं? पुलेमाऊ तर पळाला. अलापाती होता. त्याला लिही, ये म्हणावं. चटई आणू नकोस म्हणावं, जेवायला ये. पण आधी माझा कागद पाठव."

सभेनं सोमवारी इओआपो आणि पुलेमाऊ दोघांना दंड केला, डुकरं आणि मोठ्या चटया. इओआपोचं मताईपद राहिलं. लोसानंच निरोप पाठवला होता की आंधळ्याला उठवू नका. पुलेमाऊनं पाद्र्याचा कोट परत दिला, त्याची बायको माहेरी गेली आहे, परत येईल असं वाटतं. तो तुला लिहिणार आहे. तीन कागद फाडून झाले. मी मदत करत नाही.

मी या वेळी तुझा कागद तपासणार नाही. सरळ लोसाच्या नावानं पाठव.

आत्या

—

लोगन
३० जून १९९७

लोसाआई,

आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारच्या बोटीनं येतोय, मेरीपा, फेतू आणि मी. तुम्ही मागितलेला कागद हा. आत्यानं तो पाहिलेला नाही, म्हणून चुका असतील तर माझ्या.

गुरुवारी दुपारी आम्ही तिघं नारळ आणायला गेलो. सेतेफानो खरं तर येणार नव्हता, कारण तुम्ही त्याला कुंपण बांधायला सांगितलं होतं. पण मी म्हटलं, कुंपण उद्याही होईल, म्हणून तो आला. हे पुलेमाऊनं नाही, मी म्हटलं. बागेत पोतं फाटलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढे जागा होती, तरी तो मागे बसला, कारण पोती बांधलेली नव्हती आणि आमच्यापैकी त्याचेच हात मजबूत होते. उशीर झाला होता, त्यामुळे पुलेमाऊ जोरात चालवत होता. तो तालमीतलं गाणं म्हणत होता आणि सेतेफानो मागून शब्द चुकवून साथ देत होता, मुद्दाम, पुलेमाऊला चिडवायला. मग त्यानं टपावर दोनदा थाप मारली. तो ताल धरतोय असं आम्हाला वाटलं, म्हणून आम्ही आवाज चढवला. पोती सुटतायत असं तो सांगत होता की काय, ते मला आजही माहीत नाही. मी काच खाली करून विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आणि वळण आलं.

पुलेमाऊ मदत आणायला धावला. मी सेतेफानोजवळ बसलो. त्याला दुखत असावं, पण तो ओरडला नाही. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो शुद्धीवर होता. त्यानं पुलेमाऊ दिसत नाही म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "पुलेमाऊला लागलं का रे?" मी म्हटलं, नाही, तो ठीक आहे. तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. त्याला कुणी ओरडू नका." त्यानंतर तो बोलला नाही. थोड्या वेळानं बाबा आले आणि त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं ते त्यामुळेच.

तुमच्या मुलाचं शेवटचं बोलणं मी बारा वर्षं तुमच्यापासून लपवलं, कारण त्यात पुलेमाऊचं नाव होतं.

अलापाती